पिट्सबर्गचं फोर्ट पिट ब्लॉक हाउस : पाच मिनिटांत उरकू नका

भुईकोट

पिट्सबर्गला येणाऱ्या आपल्या मंडळींचा दिवस बहुतेक ठरलेला असतो. सकाळी पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात दर्शन, दुपारी इनक्लाइनने (डोंगरउतारावर दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्याने) माउंट वॉशिंग्टनवर, संध्याकाळी पॉइंटच्या कारंज्यापाशी फोटो. कारंज्याकडे जाताना डाव्या अंगाला, संग्रहालयाच्या शेजारी, विटांची एक बुटकी इमारत लागते. माळ्याची अवजारं ठेवायची खोली असावी असं वाटून लोक पुढे निघून जातात. तेच फोर्ट पिट ब्लॉक हाउस. १७६४ साली बांधलेलं. पश्चिम पेनसिल्व्हेनियातली सर्वांत जुनी उभी इमारत, आणि फोर्ट पिट या आख्ख्या किल्ल्यातली मूळची उरलेली एकमेव वास्तू.

गडकिल्ले पायाखाली घातलेल्या माणसाला इथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त काय पाहायचं ते आधी ठाऊक हवं. म्हणून हा धागा. माहिती असणाऱ्यांनी भर घालावी.

आधी जागा समजून घ्या. अॅलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे ओहायो होते. संगमाच्या त्रिकोणी टोकाला सगळे पॉइंट म्हणतात. ओहायोच्या पाण्यावाटे मिसिसिपीपर्यंत जाता येत असल्याने ज्याच्या हाती हे टोक, त्याच्या हाती आतल्या मुलखाचा व्यापार. फ्रेंचांनी १७५४ मध्ये इथे फोर्ट ड्युकेन बांधला. नोव्हेंबर १७५८ मध्ये इंग्रज जनरल फोर्ब्सचं सैन्य जवळ आल्यावर त्यांनीच तो जाळला आणि निघून गेले. त्याच्या जवळच इंग्रजांनी १७५९ ते १७६१ या काळात पाच बुरुजांचा फोर्ट पिट उभारला. ब्लॉक हाउस हे त्या किल्ल्याच्या तटाबाहेरचं छोटं ठाणं. आपल्याकडे मुख्य तटाबाहेर एखादा सुटा बुरूज राखणीला ठेवतात, त्यातलाच प्रकार. बांधणारा कर्नल हेन्री बुके, मूळचा स्वित्झर्लंडचा.

पोचायचं कसं: लाइट रेलने गेटवे स्टेशनला उतरा. डाउनटाउन आणि नॉर्थ शोअर यांच्यामधल्या स्टेशनांदरम्यान तिकीट लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडून लिबर्टी अॅव्हेन्यूने नदीच्या दिशेने चाला, कॉमनवेल्थ प्लेस ओलांडा आणि महामार्गाच्या रुंद कमानीखालून पॉइंट स्टेट पार्कात शिरा. कमान संपली की डावीकडे वळा. सगळं मिळून दहा मिनिटं.

पाहण्याचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी, मग दारावरची पाटी, मग आत, आणि शेवटी पुन्हा बाहेर. आतून जंग्या (भिंतीतली बंदूक रोखायची भोकं) पाहिल्यानंतर बाहेरची भिंत वेगळीच दिसू लागते. तीन खण चालून संपेल एवढी इमारत आहे, तरी पाऊण तास हाताशी ठेवा.

सोनकी

उत्तम धागा. तीन प्रश्न. तिकीट किती? रोज उघडं असतं का? आणि संग्रहालयाच्या तिकिटात हे येतं का?

भुईकोट

@सोनकी, ब्लॉक हाउसला तिकीट नाही. शेजारच्या फोर्ट पिट संग्रहालयाला आहे. दोन्ही संस्था वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाच्या वेळा पाहून दुसरीकडे जाल तर फसाल. पार्क राज्य सरकारचं, संग्रहालय हाइंझ हिस्टरी सेंटर चालवतं आणि ब्लॉक हाउस फोर्ट पिट सोसायटी या खासगी संस्थेच्या मालकीचं. एकाच हिरवळीवर तीन कारभार.

रोज उघडं नसतं. उघडं असण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, आणि हिवाळ्यात आठवड्यातले मोजकेच दिवस उरतात. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी लोक येतात, दाराला कुलूप बघतात आणि ‘बघण्यासारखं काही नाही’ असं ठरवून टाकतात. निघण्याच्या दिवशी सकाळी संस्थेच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या आणि बंद व्हायच्या तासभर आधी पोचा.

मंदिरातून येणार असाल तर वाटेत स्क्विरल हिलचा बोगदा लागतो. दुपारी तीननंतर तिथे गाड्यांची रांग लागते. म्हणजे दर्शन, प्रसाद आणि मग ब्लॉक हाउस असा बेत असेल तर मंदिरातून एकच्या सुमारास निघावं.

जंगी_पारखी

जंग्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही इमारत म्हणजे मुळात जंग्यांचीच इमारत आहे.

खाली दगडी पाया, वर विटांची भिंत. त्या भिंतीत दोन पातळ्यांवर जाड, चौरस तासलेल्या लाकडी तुळया आडव्या बसवल्या आहेत, आणि जंग्या त्या तुळयांमध्ये कोरलेल्या आहेत. आपल्याकडे जंगी दगडात किंवा विटेत असते, इथे ती लाकडात. बाहेरून पाहिलं तर विटांच्या लाल भिंतीत गडद लाकडाचे दोन पट्टे दिसतात आणि त्यात ठरावीक अंतरावर काळी भोकं.

लाकूड का? जंगीला तिरपे गाल लागतात. एका बाजूला तोंड अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद, म्हणजे बंदूक डावी-उजवीकडे फिरवता येते. विटेत असे गाल काढायचे तर प्रत्येक वीट तिरपी तोडावी लागते, आणि तोडलेल्या विटेची धार बंदुकीच्या नळीच्या घाशीनेच झडायला लागते. तुळईत हेच काम सुतार करवत आणि पटाशीने उरकतो. शिवाय १७६४ साली त्या मुलखात गवंड्यापेक्षा सुतार सहज मिळत. जंगल दारातच होतं.

आता एक प्रयोग करा, मुलांना तर नक्की करायला लावा. बाहेर भिंतीपासून पंधरा-वीस पावलांवर उभे राहा आणि एका जंगीकडे बघत हळूहळू बाजूला सरका. जोवर भोकाच्या आतला अंधार दिसतोय, तोवर तुम्ही त्या बंदुकीच्या माऱ्यात आहात. अंधार दिसेनासा झाला आणि नुसती लाकडाची कड दिसू लागली की माऱ्यातून सुटलात. आता शेजारच्या जंगीकडे पाहा. बहुधा तिच्या माऱ्यात आलेले असाल. मग भिंतीला चिकटून उभे राहा. तिथे कुठल्याच जंगीतून तुमच्यावर नेम धरता येत नाही. भिंतीच्या पायथ्याची ही आंधळी पट्टी प्रत्येक साध्या बुरुजाला असते. किल्ल्यांना बाहेर डोकावणारे बुरूज काढतात ते हीच पट्टी शेजारच्या बुरुजाच्या नजरेत यावी म्हणून. या ठाण्याला तशी सोय स्वतःपुरती नाही. त्याची पाठराखण मागच्या किल्ल्याने करायची.

बंदूक कुठली, हेही लक्षात घ्या. त्या काळच्या इंग्रजी पायदळाची ठासणीची चकमकी बंदूक, नळीचं तोंड पाऊण इंचाचं, लांब नमुन्याची नळी ४६ इंची. सरावाचा शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढतो. पण ठासणीची बंदूक भरायची म्हणजे प्रत्येक वेळी ती जंगीतून पूर्ण मागे ओढायची, उभी धरायची, दारू आणि गोळी वरून टाकायची आणि गजाने ठासायची. नळी अधिक दस्ता मिळून बंदूक पाच फुटांच्या वर जाते. आत उभे राहिल्यावर छत आणि समोरची भिंत बघा आणि एका भिंतीशी किती माणसं कोपराला कोपर न लागता हे करू शकतील याचा अंदाज घ्या. काळ्या दारूचा धूर धरा त्यात. दोन-चार फैरींनंतर आतल्या माणसाला जंगीतला उजेड तेवढा दिसत असणार.

नेम धरून मारण्याचं अंतर ऐंशी-शंभर यार्डांच्या आतलं. ते बाहेर चालून मोजा. ठाण्याचं काम केवढ्या टापूपुरतं होतं ते पायांना कळतं.

मोनोंगहेलाकाठ

वरच्या प्रतिसादाला जोडून: हे ठाणं नेमकं इथेच का, हा खरा प्रश्न. आज सगळीकडे सपाट हिरवळ आहे, त्यामुळे उत्तर डोळ्यांना दिसत नाही.

फोर्ट पिटच्या जमिनीकडच्या बाजूंना विटांचं अस्तर होतं. नदीकडच्या बाजू नुसत्या मातीच्या, वर हरळी. खर्च आणि वेळ वाचवायला केलेली ही तडजोड, कारण तोफांचा मारा जमिनीकडूनच येईल असा हिशेब. पण घात पाण्याने केला. जानेवारी १७६२ आणि मार्च १७६३ असे लागोपाठ दोन पूर आले आणि मातीचे तट खचले. त्याच वर्षी उन्हाळ्यात स्थानिक जमातींनी किल्ल्याला वेढा दिला. डेलावेअर, शॉनी, मिंगो आणि इतर. पाँटिअक या ओटावा जमातीच्या पुढाऱ्याच्या नावाने ओळखलं जाणारं युद्ध ते हेच. जुलै संपता संपता हल्लेखोर नदीच्या उतरत्या काठाखाली खड्डे खणून बसले आणि तिथून गोळ्या व बाण सोडू लागले. काठाचा उतार आडवा आल्यामुळे तटावरच्या माणसांना ते दिसत नव्हते. किल्लेदार कॅप्टन एक्विये यालाही पायात बाण लागला होता. शेवटी ५ आणि ६ ऑगस्टला पूर्वेला बुशी रन इथे बुकेने लढाई जिंकली, तो किल्ल्यावर पोचला आणि वेढा उठला.

म्हणजे किल्ल्याचा दोष दोन शब्दांत: खचलेला तट आणि न दिसणारा काठ. पुढच्या वर्षी बुकेने बाहेरची ठाणी उभी केली ती या दोन्हींवर उपाय म्हणून. काठाखाली लपलेला माणूस किल्ल्यावरून दिसत नाही, पण काठालगतच्या ठाण्यातून दिसतो. ब्लॉक हाउसकडे पाठ करून मोनोंगहेलाकडे तोंड करा आणि मधली बांधीव हिरवळ मनातून काढून तिथे चिखलाचा उतार आणा. मग जागेची निवड पटते.

पुराचं म्हणाल तर पाण्याने पॉइंटला नंतरही सोडलं नाही. मार्च १९३६ च्या पुरात इथे पाणी ४६ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी २५ फूट आहे. ब्लॉक हाउस त्यातूनही तगलं. मातीचा किल्ला गेला आणि दगडाच्या पायावरची एक विटांची खोली राहिली.

ओहायोपार

हे सगळं मूळचं आहे की पुन्हा बांधलेलं? अमेरिकेत ‘१८ व्या शतकातला किल्ला’ म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा गेल्या शतकात उभं केलेलं असतं.

चुनखडी

@ओहायोपार, शंका रास्त आहे. शेजारचं संग्रहालय ज्या बुरुजात आहे तो मोनोंगहेला बुरूज पुन्हा बांधलेला आहे, १९६९ साली उघडला. पलीकडच्या हिरवळीवर ग्रॅनाइटची जी आखणी दिसते तीही फोर्ट ड्युकेनची नुसती बाह्यरेषा. ब्लॉक हाउसचं तसं नाही. पाया, विटा आणि जंग्यांच्या तुळया यांतलं बरंचसं मूळचं आहे, जागचं जागी आहे. मात्र मधली शंभराहून जास्त वर्षं ते राहतं घर होतं. १७८५ मध्ये आयझॅक क्रेगने ते घरासाठी घेतलं, बाजूला वाढीव बांधकाम केलं. पुढे भाडेकरू राहिले. १८९४ नंतरच्या दुरुस्तीत ती वाढीव बांधकामं काढली आणि मूळ आकार मोकळा केला. तेव्हा ‘सगळं १७६४ चं’ असं समजू नका, पण ‘सगळं नवं’ असंही नाही.

जुनं आणि नवं ओळखायचं कसं, ते सांगतो. हे कुठल्याही जुन्या विटकामाला लागू आहे.

विटांमधल्या दर्जा, म्हणजे चुन्याने भरलेले सांधे, बघा. जुना चुना मऊ, फिकट, त्यात वाळूचे आणि न विरघळलेल्या चुन्याचे पांढरे कण दिसतात. कडक, करडी, एकसारखी दर्ज दिसली तर ती सिमेंटची, म्हणजे नंतरची. विटांच्या कडा बघा. हाती पाडलेली, भट्टीत कमी-जास्त भाजलेली वीट किंचित वाकडी असते, रंग एकसारखा नसतो. शेजारी शेजारी एकाच मापाच्या, धारदार कडांच्या विटा दिसल्या की तिथे भर घातली आहे असं समजा.

आता बिघडतं काय आणि का. पिट्सबर्गच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली सतत होत असतो. दिवसा वितळलेलं पाणी भिंतीत शिरतं, रात्री गोठून फुगतं. चुन्याची दर्ज विटेपेक्षा मऊ असते, ती हा ताण स्वतःवर घेते आणि पाणीही तिच्यातूनच बाहेर सुटतं. दर काही दशकांनी दर्ज झडते, पुन्हा भरायची, संपलं. सिमेंटची दर्ज विटेपेक्षा कडक. तिच्यातून पाणी सुटत नाही, ते विटेत अडकतं, आणि गोठलं की विटेचाच दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. दर्ज शाबूत आणि वीट खपली निघून आत गेलेली, असं दृश्य दिसलं तर कारण हेच. सह्याद्रीत गोठण्याचा प्रश्न नाही, पण आपल्या गडांवर सिमेंटने दर्जा भरल्यावर पावसाचं पाणी नेमकं असंच अडकतं. म्हणून संवर्धनवाले चुन्याचा आग्रह धरतात.

लाकडाचं दुखणं वेगळं. तुळईच्या पोटापेक्षा टोक आधी कुजतं, कारण तिथे लाकडाच्या रेषा उघड्या असतात आणि त्या पाणी ओढून घेतात. इथे जंगीचा प्रत्येक कापही रेषा उघड्या करतो. विटेवरून ओघळलेलं पाणी तुळईच्या वरच्या कडेवर थांबतं, म्हणून वीट आणि लाकूड भेटतात ती वरची सांध बारकाईने पाहा. बाहेर झुकणारं छप्पर तेवढ्यासाठी महत्त्वाचं. छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडली की निम्मं काम झालं.

एक विनंती. जंग्यांत हात, नाणी, मुलांची खेळणी घालू नका. कडांवरचं लाकूड अडीचशे वर्षांचं असू शकतं, आणि बोटांच्या घामाने आणि घाशीने त्याचा कोपरा गोल होतो.

पाटीवाचक

दारावरची दगडी पाटी कुणी नीट वाचत नाही. इसवी सन १७६४ आणि खाली बुकेचं नाव, एवढाच मजकूर. पण हुद्दा बघा: कर्नलचं संक्षिप्त रूप ‘एल’ दोनदा घालून कोरलं आहे. तेव्हा शुद्धलेखन अजून पक्कं व्हायचं होतं. आपल्या शिलालेखांत ऱ्हस्व-दीर्घाची जी मुक्त चाल दिसते तीच इथेही. पाटी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचावी. डोक्यावरच्या उन्हात अक्षरांच्या खाचा दिसत नाहीत.

पिट्सबर्गच्या ओकलंड भागात, विद्यापीठांजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: ज्या फोर्ब्स अॅव्हेन्यूवरून तुम्ही रोज चालता तो हाच जनरल फोर्ब्स, बुके स्ट्रीट हाच कर्नल बुके. डाउनटाउनमधला स्टॅनविक्स स्ट्रीट फोर्ट पिट बांधणाऱ्या जनरलच्या नावाचा. ग्रँट स्ट्रीट मेजर ग्रँटचा, सप्टेंबर १७५८ मध्ये फ्रेंचांकडून जो इथे हरला. आणि शेनली पार्क ज्या मेरी शेनलीने दिलं, तिनेच पुढे ब्लॉक हाउसही दिलं. तिचे आजोबा जेम्स ओहारा यांनी ही मालमत्ता १८०५ मध्ये विकत घेतली होती.

आणि सालं जुळवून पाहा. फोर्ट पिट पुरा झाला त्या १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं, त्याच महिन्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. फ्रेंच-इंग्रजांचं एकच युद्ध दोन्हीकडे चालू होतं. ऑक्टोबर १७६४ मध्ये बुके फोर्ट पिटहून ओहायोच्या मुलखात फौज घेऊन निघाला, त्याच महिन्यात बक्सारची लढाई झाली.

दफ्तरी

बुकेचं नाव निघालंच आहे तर देवीच्या साथीचं प्रकरण नीट लिहायला हवं, कारण त्यात नेहमी गल्लत होते.

प्रचलित गोष्ट अशी: अमेरिकेतल्या इंग्रज फौजेचा सरसेनापती जनरल अॅमहर्स्टने आज्ञा केली, बुकेने पाळली, आणि देवीच्या रोग्यांची कांबळी जमातींना दिली गेली. कागद काय सांगतात? २४ जून १७६३ रोजी वेढ्याच्या काळात डेलावेअर जमातीचे टर्टलहार्ट आणि मामाल्टी हे दोघे बोलणीसाठी किल्ल्यावर आले होते. परत जाताना त्यांना देवीच्या इस्पितळातली दोन कांबळी आणि एक रुमाल दिला, आणि त्याचा हवा तो परिणाम होईल अशी आशा व्यापारी विल्यम ट्रेंटने आपल्या रोजनिशीत नोंदवली. तेव्हा किल्ल्यावर एक्विये होता, बुके पूर्वेकडे होता. अॅमहर्स्ट आणि बुके यांची पत्रापत्री त्यानंतरची, जुलैमधली. त्या पत्रांत अॅमहर्स्ट हाच उपाय सुचवतो आणि बुके होकार देतो. म्हणजे आज्ञेवरून कृत्य झालं असं नाही. दोन्ही ठिकाणी तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली, आणि एका ठिकाणी ती अमलातही आली. माझ्या मते हे जास्तच गंभीर आहे. साथ आधीपासून त्या भागात होती, त्यामुळे कांबळ्यांनी नेमके किती बळी घेतले ते वेगळं काढता येत नाही.

ब्लॉक हाउस या घटनेनंतरच्या वर्षी बांधलं, तेव्हा ‘इथेच कांबळी दिली’ असं मुलांना सांगू नका. पण ज्याचं नाव दारावर आहे त्याने त्या पत्राला काय उत्तर दिलं हे मात्र जरूर सांगा. दुसरी बाजू पाहायची तर माउंट वॉशिंग्टनवर ग्रँडव्ह्यू अॅव्हेन्यूला गायासुटा आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचा समोरासमोर बसलेला पुतळा आहे, २००६ मधला. गायासुटा सेनेका जमातीचा पुढारी. त्यांच्या मागे खाली हेच टोक दिसतं.

सोनकी

एवढा मोठा किल्ला गेला आणि हेच कसं राहिलं? नशीब?

दफ्तरी

@सोनकी, थोडं नशीब, पुष्कळ कागद.

किल्ला १७७२ मध्ये इंग्रज सैन्याने सोडला तेव्हा तो अवघ्या पन्नास पौंडांना विकला. घेणाऱ्यांना हवा होता तो माल: विटा, लाकूड, लोखंड. विटा शहरातल्या घरांना गेल्या. आपल्याकडे गडांचे चिरे खालच्या गावांत गेले त्यासारखंच. क्रांतियुद्धात हीच जागा पुन्हा लष्करी ठाणं झाली, आणि १७९० च्या दशकात कायमची सुटली. ब्लॉक हाउस वाचलं कारण त्यात कुणीतरी राहत होतं. राहत्या घराच्या विटा कोणी काढून नेत नाही.

दुसरं संकट जास्त मोठं. १८९४ मध्ये मेरी शेनलीने ब्लॉक हाउस आणि भोवतीचा छोटा तुकडा ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या महिला संस्थेच्या स्थानिक शाखेला बक्षीसपत्राने दिला. १९०२ च्या सुमारास भोवतालची जमीन रेल्वेसाठी घेतली गेली, मालधक्का करायचा होता. रेल्वेकंपनीला सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार होता, आणि इमारत दुसरीकडे हलवायची सूचनाही पुढे आली. एडिथ डार्लिंग्टन अॅमन यांच्या पुढाकाराने या बायकांनी नकार दिला, न्यायालयात गेल्या आणि विधिमंडळाकडेही गेल्या. शेवटी १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा करून अशी ऐतिहासिक वास्तू सक्तीने घेता येणार नाही असं ठरवलं. त्यानंतरची कैक वर्षं ही इमारत रुळांच्या आणि गोदामांच्या गराड्यात उभी होती. १९५० च्या दशकात पार्कासाठी सगळी गोदामं पाडली तेव्हा पॉइंटवर राखलेली इमारत हीच एक. पार्कचं काम १९७४ मध्ये कारंजं सुरू झालं तेव्हा पुरं झालं.

आजही मालकी त्याच बायकांच्या संस्थेकडे, म्हणजे फोर्ट पिट सोसायटीकडे आहे. म्हणून भुईकोट म्हणाले तसे वेळा आणि नियम वेगळे.

धारावीकर

लांबून वाचतोय, पण तुलना सुचली म्हणून लिहितो. मुंबईत धारावीच्या बस आगाराजवळ काळा किल्ला आहे, रिवा किल्ला म्हणतात तो. तोही इंग्रजांचा, तोही आकाराने लहान, मिठीच्या काठावर पलीकडच्या साष्टीवर नजर ठेवायला. आणि त्याच्याही भिंतीवर पाटी: गव्हर्नर जॉन हॉर्न, १७३७. सालाकडे लक्ष द्या. त्याच वर्षी वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि ते साष्टीत उतरले. दोन्ही इमारती म्हणजे समोरून येणाऱ्या धास्तीची पावती आहेत. एक ओहायोकाठी, एक मिठीकाठी.

फरक असा की काळ्या किल्ल्याला कुणी वाली उरला नाही. घरं भिंतीला येऊन टेकली आहेत. दफ्तरींनी लिहिलेली कागदांची गोष्ट वाचून वाटतं, वास्तू कुणाच्या नावावर आहे आणि ते नाव भांडायला तयार आहे का, इथे सगळं येऊन थांबतं.

जंगी_पारखी

@धारावीकर, +१. शीवचा आणि शिवडीचा किल्लाही याच रांगेतले, त्यावर वेगळा धागा काढा, वाट बघतो.

वाटाड्या

गाडीने येणाऱ्यांसाठी भर. पार्कला स्वतःचं वाहनतळ नाही. स्टॅनविक्स स्ट्रीटच्या आसपासच्या बहुमजली वाहनतळांत गाडी लावावी लागते. नदीपलीकडे बेसबॉल किंवा फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी तिथले दर चढतात आणि जागाही लवकर भरतात. ४ जुलैला तर गाडी आणूच नका. नॉर्थ साइडला लावून लाइट रेलने गेटवेला या, फुकट आहे.

विमानतळाकडून येताना फोर्ट पिट बोगदा संपतो तोच पूल सुरू होतो, आणि पुढ्यात एकदम सगळं शहर उघडतं. चालकाने त्या क्षणी शहराकडे बघू नये. पुलावर लेन एकमेकींना छेदून फुटतात, एक उत्तरेकडे, एक पूर्वेकडे मनरोव्हिलला, एक डाउनटाउनला, आणि बदलायला अंतर फार थोडं मिळतं. बोगद्यात शिरण्याआधीच पाटी वाचून लेन धरा. चुकलात तर पुलावर आडवे घुसू नका, पुढच्या बाहेरच्या रस्त्याने वळून या, दहा मिनिटं जातील. गाडी नको असेल तर विमानतळावरून २८एक्स बस थेट डाउनटाउनला येते.

सोनकी

शेवटचा प्रश्न. आत फोटो नीट येतात का? जंगीतून बाहेरचं दृश्य घ्यायचं आहे.

जंगी_पारखी

आत उजेड कमी, जंगीतून बाहेर झगझगीत. फोन मधला उजेड धरतो आणि दोन्ही बिघडवतो, बाहेरचं पांढरं आणि लाकूड काळं. पडद्यावर जंगीच्या उजेडावर बोट दाबून धरा, उजेड तिथे बांधून घ्या, मग एक फोटो काढा. त्यात बाहेरची हिरवळ येईल. नंतर बोट तुळईवर ठेवून दुसरा काढा. त्यात करवतीच्या आणि पटाशीच्या खुणा येतील. फ्लॅश बंद ठेवा, समोरून पडलेल्या उजेडात त्या खुणा सपाट होऊन जातात. ढगाळ दिवस असेल तर दोन्ही एकाच फोटोत जमतं, आणि पिट्सबर्गमध्ये ढगाळ दिवसांना तोटा नाही.